मानेचं कातडं

कोबेला आल्यावर मी जे काम धरलं, त्याबद्दल पुण्यात बरेच दिवस कुणाला नीट सांगितलं नव्हतं. आईला म्हटलं होतं, म्युझियमसारखं काम आहे. प्रत्यक्षात मी शिकार केलेल्या हरणांची मुंडकी भिंतीवर लावण्यासाठी तयार करणाऱ्या एका लहानशा कार्यशाळेत बाइतो करत होते. बाइतो म्हणजे अर्धवेळ नोकरी. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या आमच्यासारख्या बायका सहसा डबे भरण्याच्या कारखान्यात नाहीतर कोन्बिनीच्या, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानाच्या, काउंटरवर बाइतो करतात. माझं वेगळं झालं.

त्याआधी आम्ही टोकियोत, ओजिमाला राहत होतो. तिथे लिफ्टमध्येसुद्धा मराठी बोलायला कुणीतरी भेटायचं. मग कंपनीने नवऱ्याला कोबेच्या ऑफिसात पाठवलं. तो सकाळी जायचा, मुलगी शाळेत जायची आणि मी खिडकीतून बंदरातल्या क्रेन बघत बसायचे. पुण्यात मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होते. वॉर्ड ऑफिसच्या जपानी वर्गातल्या बाईंना हे कळलं, तेव्हा त्या म्हणाल्या की डोंगरापलीकडे त्यांच्या ओळखीचे एक म्हातारे गृहस्थ आहेत, त्यांना मदतीला माणूस हवंय, पण कुणी टिकत नाही.

"का?" मी विचारलं.

"वास," त्या म्हणाल्या.

मी टिकले. ट्रेन बोगद्यांतून डोंगरापलीकडे जायची, स्टेशनवर उतरून भातखाचरांच्या कडेने चालत गेलं की सीडरच्या झाडांखाली पत्र्याची शेड दिसायची. शेडला लागून घर. म्हाताऱ्यांना सगळे सेन्सेइ, म्हणजे गुरुजी, म्हणत, म्हणून मीही म्हणायचे. उंच, वाकलेले, बोलायला सावकाश. त्यांच्या पत्नीला मी ओकुसान म्हणायचे, म्हणजे मालकीणबाई. त्या बुटक्या, तुरतुरीत, आणि उजव्या हातात कायम पांढरा सुती हातमोजा. चहा डाव्या हाताने ठेवायच्या. त्या मोज्यात दोन बोटांच्या जागी कापूस भरलेला आहे, हे मला पहिल्याच आठवड्यात दिसलं. मी विचारलं नाही.

त्या भागात हरणं फार वाढली आहेत. शेतं खातात, रोपवनं सोलून काढतात, म्हणून सरकारच मारायला सांगतं. शिकारी बहुतेक सगळे म्हातारे. एखादं देखणं डोकं मिळालं की ते आमच्याकडे आणून देत. आपल्याकडे याला पेंढा भरणं म्हणतात, पण पेंढा आता कुणी भरत नाही. आत फोमचा तयार साचा असतो. त्यावर त्या जनावराचं कातडं चढवायचं, काचेचे डोळे बसवायचे, मानेच्या मागे टाके घालायचे. चढवण्याआधी कातडं कमवावं लागतं. आधी मांस आणि चरबी खरवडायची, मीठ चोळायचं, मग आम्लाच्या पाण्यात बुडवून ठेवायचं. त्या पाण्यातून काढलं की कातडं पांढरं, घट्ट आणि ओल्या पुठ्ठ्यासारखं होतं. त्यानंतर कमावण्याच्या द्रावात घालायचं.

प्रश्न होता तो या दोन्हींच्या मधल्या पायरीचा. आम्लातून काढल्यावर आणि कमावण्याआधी कातडं आतल्या बाजूने तासून पातळ करायचं की नाही.

सेन्सेइ करत नसत. शेडच्या कोपऱ्यात गोल पात्याचं एक मशीन होतं, त्यावर जुनी चादर टाकलेली असे. मी सुरुवातीला ते बंद पडलंय असं समजले. पण हळूहळू आमच्याकडून गेलेली डोकी परत येताना पाहिली. एकाचे कान सुकून पानासारखे वळले होते. एकाच्या डोळ्यांभोवतीचं कातडं साच्यापासून सुटून ढोलकीसारखं ताणलं होतं, बोटाने टिचकी मारली की पोकळ वाजायचं. जाड कातड्यात द्राव आतपर्यंत पोचत नाही आणि सुकताना ते आवळतं. एवढं तर मला आता दिसत होतं.

"पातळ केलं तर असं होणार नाही ना?" मी एकदा विचारलं.

सेन्सेइ एका हरणाच्या कानात आकारासाठी माती भरत होते. "पातळ केलं की केसांची मुळं उघडी पडतात. केस गळतात. जनावराला जेवढं कातडं असतं, तेवढं त्याला लागतं म्हणून असतं."

"पण पूर्वी तुम्ही करत होतात?"

"पूर्वी करत होतो," ते म्हणाले आणि रेडिओचा आवाज वाढवला.

त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. फाजील तासलं तर केस खरंच गळतात, भोकं पडतात. तासणं हे अंदाजाचं काम आहे. चेहऱ्यावर कागदासारखं पातळ, मानेवर थोडं जाड, आणि हे सगळं बोटांना कळावं लागतं. पण अजिबात न तासता नराचं डोकं बसवणं म्हणजे ओल्या गोणपाटाचा ब्लाउज शिवण्यासारखं होतं. ते त्यांना माहीत नसेल असं मला वाटेना.

घरी आल्यावर मी आधी अंघोळ करायचे, मगच ओट्याला हात लावायचे. तरी मुलगी नाक मुरडून म्हणायची, "मम्मा, कुसाइ." म्हणजे वास येतोय. ती माझ्याशी मराठीत बोलायची ते फक्त काही हवं असेल तेव्हा. तिनेच एकदा व्हिडिओ कॉलवर सासूबाईंना सांगून टाकलं, मम्मा हरणाच्या स्किनचं काम करते. सासूबाई म्हणाल्या, "आपल्या घरात हे काम?" कुठलं काम, हे त्यांनी तोंडाने उच्चारलं नाही. त्यांच्या मनात कोणत्या वस्तीचं नाव आलं असेल ते मला कळलं आणि नवऱ्यालाही कळलं. तो म्हणाला, "आई, तिथे असं काही नसतं." त्या पुढचे काही महिने माझ्याशी फोनवर फक्त तब्येतीबद्दल बोलल्या.

हे मी ओकुसानना का सांगितलं, कोण जाणे. त्या दिवशी सेन्सेइ बाहेर गेले होते आणि आम्ही दोघी शेडच्या दारात हरणांचे जबडे साफ करायला उकळत बसलो होतो. मी म्हटलं, आमच्याकडे हे काम करणाऱ्यांना गावाबाहेर ठेवायचे, आणि माझा नवरा म्हणतो की इथे तसं काही नसतं.

ओकुसान हसल्या नाहीत. "माझे वडील कातडं कमवायचे," त्या म्हणाल्या. "नदीकाठी आमची सगळी वस्तीच त्या कामाची. माझं लग्न ठरलं तेव्हा यांच्या आईने जेवण सोडलं होतं. आमच्याकडचं कुणी लग्नाला आलं नाही. बोलावलंच नव्हतं."

मी पातेल्यातला फेस काढत राहिले.

"लग्नानंतर यांनी कामाची वाटणी केली," त्या पुढे म्हणाल्या. "कातडं माझं, चेहरा यांचा. सासूबाई म्हणायच्या, तिच्या घरचंच आहे, करू दे तिला. हे काही बोलायचे नाहीत. लोक चेहरा बघून यांची तारीफ करायचे. मला वाईट वाटायचं नाही, खरंच. मला ते काम आवडायचं. कातडं उजेडासमोर धरलं की मला कळायचं कुठे किती राहिलंय ते."

मग त्यांनी हाताबद्दल सांगितलं. एका गिऱ्हाइकाला घाई होती. ओकुसानना स्वतःला ताप होता. उद्या करते असं त्या म्हणाल्या होत्या, सेन्सेइ म्हणाले होते की आजच झालं तर बरं. चालू मशीनवर कातडं घसरलं आणि मोजा पात्यात गेला.

"त्यानंतर यांनी मशीनवर चादर टाकली आणि लोकांना सांगायला लागले की पातळ करायची गरजच नसते," ओकुसान म्हणाल्या. "आता तर त्यांना स्वतःलाही ते पटलंय."

हिवाळ्याच्या शेवटी एक बाई आल्या. सत्तरीच्या असतील, शेतकरी, उन्हाने रापलेला चेहरा, पायात रबरी बूट. त्यांच्याबरोबर एक शिकारी होता, त्याने गोठलेलं एक मोठं गाठोडं आणून टेबलावर ठेवलं. शिंगं वेगळी, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. बाई खुर्चीवर बसल्या आणि काय झालं ते सांगायला लागल्या. सांगताना त्या सेन्सेइंकडे बघत नव्हत्या, गाठोड्याकडे बघत होत्या.

त्यांचे पती शिकारी होते. शरदाच्या अखेरीला ते चार सोबत्यांसह डोंगरात गेले. गोळीचा आवाज झाला, पण वॉकीटॉकीवर उत्तर येईना. सोबती पोचले तेव्हा नर हरीण ओढ्याच्या अंगाला पडलं होतं आणि थोडं वर, सीडरला टेकून, ते बसलेले होते. हृदय बंद पडलं होतं. डोळे उघडे होते आणि नजर हरणाकडे. माणसाला खाली आणण्यातच रात्र झाली. हरीण दुसऱ्या दिवशी दुपारी कुणीतरी जाऊन तिथेच सोललं आणि कातडं, शिंगं खाली आणली.

"त्यांनी शेवटी जे पाहिलं, ते मला बघायचंय," बाई म्हणाल्या. "पहिलं वर्ष होईल तेव्हा घरात असावं." आपल्याकडे वर्षश्राद्ध असतं तसा त्यांच्यातही पहिल्या वर्षाचा विधी असतो.

सेन्सेइ उठून त्यांच्यासमोर वाकले आणि म्हणाले, "नक्की करून देतो."

गाठोडं वितळलं तेव्हा मी कातडं पसरलं आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. माजावर आलेल्या नराची मान फुगते, कातडं दाट होतं. हे तर कहर होतं, मानेवर माझ्या करंगळीएवढी जाडी. आणि ज्या कुशीवर ते हरीण डोंगरात रात्रभर पडून होतं, त्या बाजूला जबड्याखालचा भाग किंचित हिरवट होता. ऊब असलेलं कातडं तसंच पडून राहिलं की आतून सडायला लागतं आणि केसांची पकड सुटते. मी हलक्या हाताने केस ओढून पाहिले. आले नाहीत.

"टिकतील," सेन्सेइ म्हणाले. "मीठ जास्त घाला."

आम्लातून कातडं निघालं त्या दिवशी मी ठरवून विचारलं. "सेन्सेइ, याची मान तरी पातळ करू या. मशीन नको, हाताने करू. मी करते."

"नको."

"हे सुकताना नक्की ओढणार. तुम्हालाही माहितेय."

"जबड्याखालचा भाग कच्चा आहे," ते म्हणाले. "तिथे सुरी लावली तर सगळं हातात येईल. तुम्हाला केस गळलेलं डोकं त्या बाईंना द्यायचंय का?"

"जबड्याला हात नाही लावणार. फक्त मान."

तेवढ्यात ओकुसान चहा घेऊन दारात आल्या. किती वेळ उभ्या होत्या माहीत नाही. ट्रे ठेवून त्या टेबलापाशी आल्या, मोजा न काढता कातड्याची घडी दोन हातांत धरली आणि चिमटीत चाचपली.

"पातळ करा हे," त्या सेन्सेइंना म्हणाल्या. "मी कधी मध्ये बोलत नाही. याच्यासाठी बोलते."

सेन्सेइंचा चेहरा असा झाला की मी खाली बघितलं. त्यांनी ओकुसानच्या हातातून कातडं अलगद काढून घेतलं, टोपात ठेवलं आणि वर द्राव ओतला. ओकुसान घरात गेल्या. ट्रे तसाच राहिला. चहा मी नंतर मोरीत ओतला.

मी नोकर होते आणि परदेशी होते. सांगितलं तसं करत गेले.

बसवलं तेव्हा ते डोकं सुंदर दिसलं, हे कबूल करायला हवं. सेन्सेइंचे हात डोळ्यांच्या कडांवर काम करायचे तेव्हा मी बघत राहायचे. त्यांनी हरणाची मान जराशी वर आणि डावीकडे वळवली होती, जणू उतारावरून कुणाकडे तरी बघतंय. कान पुढे. जाड कातडं ओढून ओढून टाके घालताना माझी बोटं सोलली. शेवटी सगळीकडे टाचण्या लावल्या आणि डोकं सुकायला ठेवलं.

पावसाळी दमट दिवस होते तोवर ठीक होतं. उन्हाळा कडक झाला तसं कातडं आवळायला लागलं. पहिल्यांदा एक कान वळला. मग नाकपुडीपाशी चीर. सेन्सेइ ओलं फडकं लावायचे, गोंद सोडायचे, पुन्हा टाचण्या मारायचे. एका सकाळी मी शेडचं दार उघडलं तर मानेमागची शिवण वरपासून खालपर्यंत उसवलेली. दोऱ्याने कातडं कापत नेलं होतं. पापण्या मागे सरकून काचेचे डोळे पूर्ण उघडे पडले होते आणि ओठ ओढले जाऊन आतला पिवळा फोम दिसत होता. ते हरणासारखं दिसत नव्हतं. काहीतरी ओरडत असल्यासारखं दिसत होतं.

सेन्सेइ आले, बघितलं, आणि स्टुलावर बसले. मग ओकुसान आल्या. त्यांनी "मी सांगितलं होतं" असं म्हटलं नाही. त्या म्हणाल्या, "काढा ते खाली. भिजवू या."

"आता काही होणार नाही," सेन्सेइ म्हणाले.

"होईल किंवा नाही होणार. असं तर देता येत नाही ना?"

आम्ही कातडं साच्यावरून उतरवलं आणि मिठाच्या पाण्यात भिजवलं. मऊ झाल्यावर ओकुसाननी माळ्यावरून लाकडाचा गोलसर ओंडका आणि दोन मुठींची वाकडी सुरी खाली काढायला लावली. ती त्यांच्या वडिलांची होती. ओंडक्यावर कातडं केसांच्या बाजूने पालथं टाकायचं आणि सुरी आपल्यापासून लांब ढकलत तासायचं. मी तासत होते. ओकुसान समोर बसून खालून हात घालून कातडं चाचपत होत्या, मोजा काढून. त्यांचा उघडा हात मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. "इथे थांब. इथे अजून. आता हलकी," एवढंच बोलायच्या. तोवर त्या मला तुम्ही म्हणत असत. त्या दिवशी तू म्हणायला लागल्या. सेन्सेइ दाराकडे तोंड करून उभे होते, आत बघत नव्हते, पण गेलेही नाहीत.

मान छान निघाली. पांढरे पापुद्रे सुटून ओंडक्याखाली ढीग झाला, कातडं कापडासारखं पडायला लागलं. मला वाटलं, जमलं. मग मी जबड्याच्या बाजूला थोडी सरकले. सुरी तिथे लावलीही नव्हती, नुसतं कातडं ताणून धरलं होतं. ओकुसानचा हात थांबला. त्यांनी हात बाहेर काढला, तर तळव्याला केस चिकटलेले. पुंजकाच्या पुंजका. मी कातडं उलटवलं. जबड्यापासून गालापर्यंत, डोळ्याच्या खालपर्यंत, जिथे बोट लावावं तिथून केस सुटत होते. खाली निळसर, उघडं कातडं.

सेन्सेइ वळून आले. "सांगितलं होतं मी," ते हळू आवाजात म्हणाले. "सुरी लागली की हे होणार."

"हे सुरीने नाही झालं," ओकुसान म्हणाल्या. "हे डोंगरातच झालं होतं. दुसऱ्यांदा भिजलं म्हणून वर आलं. पहिल्याच वेळी तासून बसवलं असतं, तर भिजवायची वेळ आली नसती."

"पहिल्याच वेळी तासलं असतं, तर पहिल्याच वेळी गळलं असतं."

त्या दोघांत कोण बरोबर, हे मला आजही ठरवता येत नाही. तेव्हा तर मी फक्त हातातले केस कुठे ठेवावेत याचा विचार करत होते. ते कचऱ्याच्या पिशवीत टाकवेनात.

दुसऱ्या दिवशी सेन्सेइंनी मला बाजूला घेतलं. फ्रीझरमध्ये दुसऱ्या एका नराचं चांगलं कातडं होतं. शिंगं मूळचीच लावली तर कुणाला कळणार नाही. या धंद्यात हे सर्रास चालतं, गिऱ्हाइकाला सांगून किंवा न सांगता. "त्यांना समाधान मिळेल," ते म्हणाले. "समाधान खोटं असतं का?"

मी म्हटलं, "मला नाही सांगता येणार, सेन्सेइ. पण त्यांनी ते कशासाठी मागितलं होतं ते आपण दोघांनी ऐकलंय."

दोन दिवसांनी मी कामावर गेले तर ते काळा कोट घालून छोट्या ट्रकपाशी उभे होते. उन्हाळ्यात, काळा कोट. "चला," म्हणाले. "तुम्हीही या."

बाईंचं घर डोंगराच्या पायथ्याशी होतं. देवघरासारख्या कोनाड्यात पतीचा फोटो, पुढे उदबत्ती. सेन्सेइंनी तातामीच्या चटईवर गुडघे टेकले, कपाळ जमिनीला लावलं आणि तसेच राहून सगळं सांगितलं. कातडं पातळ करायला बायकोने सांगितलं होतं, मी केलं नाही. सुकताना फाटलं. पुन्हा करायला गेलो तर केस गेले. चेहरा वाचला नाही. त्यांनी डोंगरातल्या रात्रीचा उल्लेख केला नाही. हरीण उशिरा आणलं म्हणून कातडं आधीच बिघडलं होतं असं ते म्हणू शकले असते, आणि ते खरंही असतं. मला वाटलं आता म्हणतील. नाही म्हणाले.

बाहेर सिकाडा किडे कर्कश ओरडत होते. मग बाईंनी विचारलं, "डोळे वाचले का?"

सेन्सेइंनी डोकं वर केलं. त्यांना प्रश्न कळला नाही. मला कळला.

"डोळे काचेचे असतात," मी म्हटलं. "आधीपासूनच. खरे डोळे ठेवता येत नाहीत."

"काचेचे," त्या म्हणाल्या.

"हो. आम्ही कारखान्यातून मागवतो."

"मग त्याचे डोळे कुठे गेले?"

"डोंगरातच, बहुतेक. कातडं काढलं तिथे."

त्यांनी मान हलवली, हळूहळू, एखादा हिशेब जुळल्यासारखी. "मला वाटलं होतं की ते तेच असतील," त्या म्हणाल्या. "कुणी सांगितलं नाही. आणि मी विचारलं नाही." मग सेन्सेइंकडे वळून म्हणाल्या, "उठा आता. पाय दुखतील तुमचे." त्यांनी आम्हाला बार्लीचा थंड चहा दिला आणि कलिंगडाच्या फोडी दिल्या. आम्ही त्या खाल्ल्या. दुसरं कातडं लावून देण्याची गोष्ट सेन्सेइंनी काढली, तेव्हा त्या नको म्हणाल्या. शिंगंही नको. उरलेलं कातडं मात्र त्यांनी मागून घेतलं आणि आम्ही ते नंतर पोचतं केलं. त्यांनी त्याचं काय केलं ते मला माहीत नाही.

परतताना सेन्सेइंनी रस्त्याच्या कडेला ट्रक थांबवला. हात स्टिअरिंगवर होते. "तिला ताप होता," ते म्हणाले. एवढंच. कुणाबद्दल बोलतायत ते मला माहीत होतं. मी खिडकीबाहेर बघत राहिले, कारण त्यांच्याकडे बघणं बरं दिसलं नसतं. थोड्या वेळाने त्यांनी गाडी सुरू केली.

त्या शरदात त्यांनी नवीन कामं घेणं बंद केलं. मशीन भंगारवाला घेऊन गेला, तेव्हा दोघंही घरात होते, बाहेर आले नाहीत. सुरी ओकुसाननी मला द्यायला काढली होती, मी घेतली नाही. पुढच्या वर्षी नवऱ्याची पुन्हा टोकियोला बदली झाली आणि आम्ही ओजिमाला परत आलो. आता मी शहराबाहेरच्या एका कार्यशाळेत असंच काम करते. इथे कातडी मोठ्या कारखान्यात जातात आणि तासून, कमावून, पेटीत घडी घालून परत येतात. पातळ करायचं की नाही, हे कुणी कुणाला विचारत नाही.

गेल्या उन्हाळ्यात मी एकटीच त्यांना भेटायला गेले. शेड रिकामी होती. सेन्सेइंनी मागे भाज्या लावल्या होत्या आणि त्यांच्याभोवती हिरवी जाळी. हरणं जाळी तोडून आत येतात म्हणून नगरपालिकेने लोखंडी सापळा ठेवून दिला होता, मोठ्या पिंजऱ्यासारखा. मी गेले त्या सकाळीच त्यात एक मादी अडकली होती. धडका मारून तिचं नाक रक्ताळलं होतं. आम्हाला बघून ती पुन्हा उसळली, मग थकून एका कोपऱ्यात उभी राहिली. पोट जोरजोरात हलत होतं.

"फोन केलाय," सेन्सेइ म्हणाले. "माणसं येतायत."

येऊन काय करतात ते आम्हा तिघांनाही माहीत होतं. ओकुसाननी दारातून हाक मारली की नूडल्स गार होतायत. आम्ही आत जाऊन जेवायला बसलो. त्यांनी मला मुलीबद्दल विचारलं, तिची उंची किती झाली, परीक्षा कधी आहे. मी सांगत होते. बाहेर पिंजऱ्याचा आवाज येत होता, थांबत होता, पुन्हा येत होता. मग एक गाडी येऊन थांबली. सेन्सेइ उठले नाहीत. ओकुसाननी माझ्या वाटीत आणखी थोडे नूडल्स वाढले आणि त्या म्हणाल्या, "खा. लांब जायचंय तुला."